तेरा वर्षं जुनी जॅझ घेतली त्याला दीड वर्ष झालं: एमओटीचा इतिहास आणि ब्रेक पाइपची ती एक ओळ

गेल्या महिन्यात एका मोठ्या साखळीच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलायला गाडी दिली. परत घेताना ‘फुकट हेल्थ चेक’चा कागद हातात पडला: मागचे ब्रेक पाइप गंजलेत, ताबडतोब बदला, खर्च ४८० पाउंड. हे पाइप मी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावरच बदलून घेतलेत. तेही तांबं-निकेलचे, ज्यांना इथले, म्हणजे ब्रिटनमधले, मेकॅनिक कुनिफर म्हणतात. ते लोखंडी पाइपसारखे गंजत नाहीत. पावती दाखवली, तरी काउंटरवरचा मुलगा म्हणत राहिला, “सिस्टिममध्ये लाल दाखवतंय.” गाडी वर उचला आणि मला दाखवा म्हटलं, तर ग्राहकाला आत सोडत नाहीत. ऑइलचे पैसे दिले आणि निघालो, पण डोकं तापलेलंच होतं. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

गाडी २०११ची होंडा जॅझ, १.४ पेट्रोल, मॅन्युअल. भारतात २००९ मध्ये १.२ इंजिन घालून आली तीच पिढी. मागची सीट उभी दुमडून आख्खं कपाट आत घालता येतं वगैरे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते तिच्या एमओटीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या इथल्या सक्तीच्या तपासणीच्या, नोंदींबद्दल.

आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं पीयूसी सोडली तर कोणी हात लावत नाही. मग आरटीओत नूतनीकरण, आणि पुढे दर पाच वर्षांनी. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निकाल सगळ्यांसाठी खुला. सरकारी संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकली की २००५ पासूनचा प्रत्येक पास, प्रत्येक फेल, प्रत्येक वेळचं मायलेज समोर येतं. एक पैसा लागत नाही. नवीन आलेली आपली मंडळी गाडी बघायला जातात, सीटकव्हर बघतात, चकचकीत पॉलिश बघतात आणि हे पान उघडतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या गाडीच्या पानावर एक ओळ सारखी दिसत होती: मागचे ब्रेक पाइप किंचित गंजलेले. २०१८ला आहे, २०१९ला आहे, २०२१लाही आहे. २०२२ला गायब. २०२३ला परत, आणि या वेळी शेजारी ‘ग्रीसने झाकलेले’ असा शेरा. या एका ओळीवर मी जितका विचार केलाय तितका घराच्या मॉर्गेजवरही केला नसेल. ही ओळ म्हणजे ॲडव्हायजरी, म्हणजे गाडी पास, पण लक्ष ठेवा. मे २०१८ पासून दोषांचे डेंजरस, मेजर आणि मायनर असे वर्ग केलेत. पहिल्या दोन्हींत गाडी नापास, मायनर असेल तर पास, आणि ॲडव्हायजरी त्याच्याही खाली. ब्रेक पाइप फार गंजला की तो मेजर. म्हणजे कोणीतरी ही ओळ पाच वर्षं वाचली आणि दुरुस्तीऐवजी वर ग्रीस फासलं. तपासणाऱ्याला गाडीचं काही खोलायची किंवा काढायची परवानगी नसते. झाकलेलं असेल तर तो ‘झाकलेलं आहे’ एवढंच लिहू शकतो.

गाडी घेतली तेव्हा माझं मत सरळ होतं: जितक्या ॲडव्हायजरी कमी तितकी गाडी चांगली. आता तसं वाटत नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीचा निकाल वर्षानुवर्षं कोरा असेल तर मला जास्त शंका येते. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, खालचं लोखंड थोडं तरी गंजणारच. उलट यंदा दाखवलेला दोष पुढच्या वर्षीच्या यादीत नसेल आणि टायर, ब्रेकच्या डिस्क, सस्पेन्शनचे रबरी बुश वेळच्या वेळी नवे होत गेलेले दिसत असतील, तर त्या मालकाने पैसा खर्च केलाय. माझ्या गाडीत बाकी सगळं असंच होत गेलं होतं, फक्त पाइप सोडून. टायरची ओळ तर कधीच दोनदा आली नाही. म्हणून घेतली, आणि पाइपचा खर्च किमतीतून कापून घेतला.

मायलेजचा रकाना तितकाच बोलका. सुरुवातीला वर्षाला नऊ-दहा हजार मैल, मग एकदम दोन हजारांवर. निवृत्त मालक, दुकान आणि दवाखाना एवढंच फिरणं. ऐकायला छान, पण एक्झॉस्टला अशा छोट्या फेऱ्या मानवत नाहीत. आतलं पाणी उडून जात नाही आणि पत्रा आतून गंजतो. माझा मागचा सायलेन्सर पहिल्याच थंडीत गेला. २०२०ची तारीख मे ऐवजी नोव्हेंबर दिसली तेव्हा दचकलो होतो. पण त्या वर्षी ३० मार्चपासून लॉकडाऊनमुळे एमओटीला सहा महिन्यांची मुदतवाढ होती, त्यामुळे अशी फट दिसली म्हणून गाडी सोडू नका.

पाइप बदलले ते पाहण्यासारखं काम होतं. एक म्हातारा मेकॅनिक, दोन गाड्यांपुरती शेड. त्याने जुना पाइप कापून हातात दिला. नखाने खरवडला तर खपल्या निघाल्या आणि खाली खड्डे. मग कुनिफरची गुंडाळी उलगडून हातानेच गाडीच्या तळाला धरून वळणं दिली, टोकाला नट सरकवला आणि फ्लेअर काढायच्या हत्याराने तोंड फुलवलं. साखळीवाल्याने मागितलेल्या पैशाच्या निम्म्याहून कमी घेतले आणि ब्रेक फ्लुइडही नवं भरलं.

आता भांडणाचा निकाल. एमओटी मुदत संपायच्या महिनाभर आधी (नेमकं सांगायचं तर एक महिना वजा एक दिवस) केली तरी पुढची तारीख तीच राहते. म्हणून मी थांबलो नाही. गाडी सरळ कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, टेस्ट सेंटरला नेली. तिथे कौन्सिलच्याच गाड्या सांभाळतात आणि लोकांच्या गाड्या फक्त तपासतात, दुरुस्त करत नाहीत. त्यामुळे दोष शोधून त्यांना काही मिळत नाही. कारची कमाल फी ५४.८५ पाउंड, आणि बरीच गॅरेजं त्याहून खूप स्वस्तात करून देतात. फरक मग दुरुस्तीत भरून काढतात, असं माझं ठाम मत आहे. मी वरचे पैसे आनंदाने देतो, आणि मी पैसे सुखासुखी सोडणारा माणूस नाही.

तपासणी बघता येईल अशी जागा प्रत्येक सेंटरला ठेवावीच लागते. मी काचेमागे उभा होतो. तपासनीस गाडीखाली दिवा घेऊन मागच्या पाइपपाशी थांबला, बोटाने चिखल पुसला, पाइप नीट पाहिला आणि पुढे गेला. निकाल पास. दोन ॲडव्हायजरी: पुढची ड्रॉप लिंक (सस्पेन्शनमधला जोडदांडा) सैल, एक टायर झिजत आलेला. ब्रेक पाइपबद्दल अवाक्षर नाही. ती प्रत साखळीवाल्याच्या कागदाला जोडून लेखी तक्रार पाठवली. ऑइलचे पैसे परत आले, माफी नाही.

एमओटीला काय दिसत नाही तेही सांगायला हवं, कारण माझं मोठं बिल तिथूनच आलं. क्लच, गिअरबॉक्स, एसी यांना ती हात लावत नाही. क्लचचं बेअरिंग घरघरत होतं, ते किटसकट बदलावं लागलं. मागच्या दाराच्या बाजूने पाणी शिरून स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं, हा या जॅझचा जुना रोग. माझ्या गाडीत गालिचा उचलला तर तळ्यासारखं पाणी. सांधे सिलंटने बुजवले, तेव्हापासून कोरडं आहे. इंजिनाने मात्र आजवर एकदाही दगा दिलेला नाही. टायमिंग चेन असल्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही आणि लांबच्या प्रवासात ४५ एमपीजीच्या (गॅलनला ४५ मैल) आसपास देते.

गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याकडे व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागा. त्यावरचा कागदपत्र क्रमांक टाकला की प्रत्येक टेस्ट कुठे झाली तेही दिसतं. एकाच गॅरेजने वर्षानुवर्षं कोरा पास दिला असेल आणि गॅरेज बदलताच दहा ओळी आल्या असतील, तर ती गाडी सोडा. अपघातात राइट-ऑफ (विमा कंपनीने दुरुस्तीला परवडत नाही म्हणून मोडीत काढलेली) झाली होती का, कर्ज बाकी आहे का, हे या पानावर कळत नाही. त्यासाठी थोडे पैसे देऊन वेगळी तपासणी करावी लागते, आणि ती करा.

माझी जॅझ मी अजून दोन वर्षं तरी ठेवणार आहे. ड्रॉप लिंक या शनिवारी बदलतोय, त्याच शेडमध्ये.