लेप्टिनची तपासणी की लघवीतलं अल्ब्युमिन?

मामांचं वजन ९४ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढून १.६. लॅबचं पत्रक पुढे करून विचारत होते, "हे लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन करून घेऊ, की डॉक्टरांनी लिहिलेली लघवीचीच तपासणी पुरे?" पत्रकावरची चकचकीत वाक्यं बाजूला ठेवली.

आधी आकड्याचा अर्थ काय लागतो ते. लेप्टिन हे हार्मोन १९९४ साली सापडलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ते काढून टाकायचं बरंचसं काम मूत्रपिंडं करतात. ती मंदावली की लेप्टिन साचतं. मग वाढलेला आकडा सुटलेल्या पोटाचा की किडनीचा? रिपोर्ट सांगत नाही. चरबीच्याच पेशींचं दुसरं हार्मोन अ‍ॅडिपोनेक्टिन, त्याची तऱ्हा आणखी न्यारी: लठ्ठपणात घटतं, किडनीच्या आजारात वाढतं. मामांना दोन्ही! किडनीच्या गाळणीतल्या पेशींना ते जपतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण त्यावरून मामांची गोळी ठरत नाही.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन; किडनीची गाळणी बिघडली की लघवीत झिरपतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर सरळ बोलतं. ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत ठीक, ३०० च्या वर गंभीर. वाढलेलं दिसलं तर पुन्हा तपासून तीन महिने टिकतंय का ते बघायचं. यावर औषध बदलता येतं.

खटाटोप? सकाळची पहिली लघवी, छोटी डबी, सुई नाही. खर्चही हार्मोनच्या तपासणीपेक्षा बराच कमी.

संशोधन करणाऱ्यांनी हार्मोन जरूर मोजावेत. मधुमेह, रक्तदाब किंवा सुटलेलं पोट असलेल्यांना नेहमीच्या रक्ततपासणीसोबत डबी आणि पोटाचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरे. मामांनी डबी मुकाट्याने घेतली. टेप काढल्यावर मात्र श्वास रोखून उभे राहिले.