रेझ्युमे लिहून देतो म्हणाले आणि २७,८४८ रुपये घेऊन गेले

आधी हिशेब मांडतो. १,४९९, मग ४,९९९, मग ८,८५०, मग १२,५००. एकूण २७,८४८ रुपये, बावीस दिवसांत. चारही वेळा यूपीआयचा पिन मीच टाकला. कुणी फोन हॅक केला नाही, कुणी ओटीपी काढून घेतला नाही. म्हणून तर जास्त जळतं.

मी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये अकरा वर्षं काढली आहेत, बांधकाम कंत्राटदाराच्या बाजूने. आरए बिलं (काम होईल तशी लावायची), ईओटीचे म्हणजे मुदतवाढीचे प्रस्ताव, एक्स्ट्रा आयटमचे म्हणजे करारात नसलेल्या जादा कामांचे दर, बँक गॅरंट्यांच्या तारखा, क्लायंटच्या प्रत्येक पत्राला मुदतीत उत्तर. दुसऱ्याच्या कागदातली खोच शोधण्यावर माझं पोट चालतं, आणि असा माणूस गंडला. हसायचं असेल तर हसून घ्या, माझ्या मेव्हण्याचं हसून झालंय.

माझी बाजूही ऐका. प्रकल्प संपला, डीएलपीपुरती, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीपुरती, दोन माणसं ठेवून कंपनीने बाकीच्यांना नारळ दिला. पाच महिन्यांत ६३ अर्ज केले, उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. अशा वेळी 'सर, तुमचा अनुभव भक्कम आहे, फक्त मांडणी चुकतेय' असं कुणी म्हणालं की माणूस त्यालाच चिकटतो. जॉब पोर्टलवर रेझ्युमे टाकून तीन दिवस झाले असतील, रेझ्युमे लिहून देणाऱ्या एका कंपनीचा मेसेज आला: रेझ्युमेची मोफत तपासणी, एटीएस स्कोअर लगेच. टाकला. १०० पैकी ३४.

या ३४ ने माझा घात केला. एटीएस म्हणजे कंपन्या अर्ज गोळा करायला आणि चाळायला वापरतात ते सॉफ्टवेअर. प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यातली चाळणी त्या त्या जागेप्रमाणे लावलेली. सगळ्यांना लागू पडणारा एकच स्कोअर नावाची वस्तूच नसते. हे मला नंतर कळलं. कसं कळलं, तर त्यांनीच पैसे घेऊन लिहिलेला रेझ्युमे मी त्यांच्याच मोफत तपासणीत टाकून पाहिला. ३१ आला. माझ्या जुन्यापेक्षा तीनने कमी!

पुढची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. आधी लहान रक्कम, मग 'तुमच्यासारख्या सीनियर माणसाला बेसिक पॅकेज पुरणार नाही', मग 'ऑफर आज रात्री बारापर्यंत'. १,४९९ चं पॅकेज घेतलं. चौथ्या दिवशी ४,९९९ भरले, कारण त्यात 'तुमच्या क्षेत्रातला एक्स्पर्ट' लिहिणार होता.

आणि मग त्या एक्स्पर्टचा फोन आला. हा फोन मी आता रोज रात्री आठवतो. त्याने विचारलं, "सर, तुमच्या हाताखाली साधारण किती कंत्राटी कामगार होते?"

मी म्हणालो, "कामगार माझ्याकडे नव्हते, मी कंत्राटं बघायचो."

"हो सर, तेच. त्यांचं पीएफ, ईएसआय तुम्हीच बघायचात ना?"

इथे फोन ठेवायला हवा होता. त्या माणसाला कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि कॉन्ट्रॅक्ट लेबर यातला फरक कळत नव्हता. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा आणि १८७२ चा करार कायदा यांत जेवढं अंतर, तेवढं अंतर या दोन कामांत आहे. साइटवरच्या कालच्या पोरालाही ते ठाऊक असतं. आणि मी काय केलं? मी त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं! बीओक्यू (कामांची आणि परिमाणांची यादी) म्हणजे काय, व्हेरिएशन (ठरलेल्या कामातला बदल) म्हणजे काय, मुदतवाढ कशी मागतात. तो 'ओके सर, ओके सर' करत होता आणि मला वाटत होतं, किती मन लावून ऐकतोय. म्हणजे पैसे मी दिले आणि शिकवणीही मीच घेतली. फोन ठेवल्यावर मनात खुट्ट झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण ६,४९८ रुपये गेलेले होते, आणि गेलेल्या पैशांवर माणूस आणखी पैसे टाकतो. साइटवर हे दुसऱ्यांना सांगायचो मी.

दहाव्या दिवशी रेझ्युमे आला. दोन रंग, बाजूला कौशल्यांचे पट्टे, 'लीडरशिप ९० टक्के'. इंग्रजी इतकं चकचकीत की मी वरवर वाचलं आणि भारावलो. लगेच 'प्रोफाइल बूस्ट': ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. जीएसटी लावलाय म्हणजे कंपनी खरी, असा माझा हिशेब. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी मोजला तो सगळं हातचं गेल्यावर. चौदा अक्षरं. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दहा पॅनचे. सबकॉन्ट्रॅक्टरचं असं बिल मी टेबलावरून परत फेकलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला एक मिनिट लागतं, आणि तेवढं मिनिट माझ्याकडे भरपूर होतं. अटी तर वाचल्याच नाहीत. 'सेवा सुरू झाल्यावर रक्कम परत मिळणार नाही' आणि सेवा सुरू कधी, तर फॉर्म भरल्यावर. फॉर्म पैशांच्या आधी भरून घेतलेला.

बाविसाव्या दिवशी इंटरव्ह्यूचं पत्र आलं. एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या नावाचं, ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. 'पडताळणी आणि स्लॉटसाठी' १२,५०० डिपॉझिट, इंटरव्ह्यूनंतर परत. नोकरी देणारा उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही, हे मी भाच्याला तोंड दुखेपर्यंत सांगितलंय. तरी भरले. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी फोन: इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमचे वडील दवाखान्यात, तारीख पुढे गेली. ही दवाखान्याची गोष्ट एकोणीस दिवस चालली आणि मग नंबर बंद.

त्याच एकोणीस दिवसांत एका जुन्या सहकाऱ्याने खराखुरा इंटरव्ह्यू लावून दिला. मी त्यांनी लिहिलेलाच रेझ्युमे घेऊन गेलो, पैसे मोजले होते ना! समोरच्या साहेबांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं की मी ४० लाखांचे लिक्विडेटेड डॅमेजेस (एलडी, म्हणजे करारात ठरलेली उशिराची भरपाई) 'यशस्वीपणे मिळवले'. साहेब म्हणाले, "तुम्ही कंत्राटदाराकडे होतात ना? मग एलडी मिळवले की भरले?" खोलीतले तिघेही हसले. एलडी उशिराबद्दल कंत्राटदाराकडून कापतात. माझं काम ते कापू न देण्याचं, आणि ते मी करून दाखवलं होतं. शिवाय 'फिडिक रेड, यलो, सिल्व्हर एक्स्पर्ट' असंही होतं. फिडिक म्हणजे बांधकाम करारांचे आंतरराष्ट्रीय नमुने, पुस्तकाच्या रंगावरून ओळखतात. मी आयुष्यात एकच फिडिकचं काम केलंय, १९९९ चं रेड बुक. क्लेमची नोटीस २८ दिवसांत, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. यलोमध्ये डिझाइन कंत्राटदाराकडे असतं एवढं ऐकून माहीत, त्यापुढचा प्रश्न आला आणि मी गप्प. २७,८४८ एकवेळ विसरेन, ते हसू विसरणार नाही.

आता तक्रारीचं. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या लावायचा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी अडवायची शक्यता असते. मी एकोणीस दिवस दवाखान्याची गोष्ट ऐकत बसलो, तिथे दोष माझा. पण पोलीस ठाण्यात जे झालं त्याचा दोष कुणाचा? अंमलदाराचा पहिला प्रश्न: "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना?" अहो, फसवणुकीत माणूस स्वतःहूनच देतो, हिसकावून नेलं तर ती चोरी झाली! मी कलम ३१८ म्हणालो. १ जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी तेच आलंय. तर उत्तर मिळालं, "वकील आहात का?" मग: रेझ्युमे दिलाय ना त्यांनी? मग ही दिवाणी बाब, ग्राहक आयोगात जा. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. अकरा वर्षं एकही कागद आवक शिक्क्याशिवाय सोडला नाही मी. तीन फेऱ्यांनंतर पोच मिळाली, तीही तारखेशिवाय. आणि वर सल्ला, की पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याचा पत्ता बँकेतून आणा.

बँक म्हणाली, खातेदाराची माहिती फक्त पोलिसांना देतो. पोलिसांकडे परत गेलो, ते म्हणाले बँकेकडून आणा. ही पालखी मी चार वेळा वाहिली. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रकही वाचून गेलो होतो, पण त्यातलं संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. पिन मी टाकला, विषय संपला. काउंटरवरची मुलगी तेवढ्यात मला विमा घ्याल का विचारत होती.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हे खरं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावर सातवा मजला लिहिलाय. मी जाऊन आलो, इमारत पाच मजली आहे.

तुम्हाला रेझ्युमे लिहायचाच असेल तर घरी बसून लिहा. मी दोन संध्याकाळींत लिहिला, एक पैसा लागला नाही. कुठल्या बाजूने काम केलंत, मालकाच्या, कंत्राटदाराच्या की सल्लागाराच्या, ते पहिल्या ओळीत. मग कंत्राटाचा प्रकार आणि किंमत. 'पत्रव्यवहार सांभाळला' याला कुणी विचारत नाही. माझी ओळ आता अशी आहे: आयटम रेट (प्रत्येक बाबीचा वेगळा दर), ४८ कोटी, तीन ईओटी प्रस्ताव, २१४ दिवस मागितले, १६० मंजूर, एलडी शून्य. दुसरी: २७ एक्स्ट्रा आयटम, २२ मंजूर. मंजूर न झालेले पाचही माहीत असू द्या, इंटरव्ह्यूत तेच विचारतात. क्लायंटचे दर आणि वादाचे तपशील मात्र कागदावर आणू नका, उद्या तुमच्यावर नवा मालक तरी विश्वास कसा ठेवेल? पट्टे, रंग, टक्के काढून टाका. जन्मतारीख आणि घराचा पत्ताही काढा. आणि पोर्टलचा पासवर्ड 'रोज प्रोफाइल अपडेट करायला' कुणी मागितला तर देऊ नका. मी दिला होता. बदललाय आता, पण आधार आणि पॅनच्या प्रती त्यांच्याकडे गेल्या त्या गेल्याच.

मेव्हण्याला मी १५,३४८ चा आकडा सांगितलाय. घरीही तोच माहीत आहे. १२,५०० चं अजून सांगितलेलं नाही.