घरचं ५जी वायरलेस नेट, सात महिन्यांनंतर: सकाळी घोडा, रात्री गाढव

फेब्रुवारीत घेतलं, ते गच्चीवर डबा लावून देतात ना तेच. गाव अमळनेर तालुक्यातलं, आमचं घर गावाच्या पार शेवटी मळ्याला लागून आणि टॉवर दीड किलोमीटरवर. कंपनीचं नाव घेत नाही.

बसवायला आलेला पोरगा चांगला होता पण भयंकर घाईत, गॅलरीतच खिळे ठोकून मोकळा झाला, स्पीड आला १२ एमबीपीएस. म्हटलं अरे प्लॅन १०० चा आहे, तर म्हणे "भाऊ, तुम्हनं घर लांब से ना." मग मीच ॲपमध्ये सिग्नलचा आकडा (डीबीएममधला, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) बघत बघत डबा पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर नेला, गॅलरीत उणे १०८ होता तो उणे ९७ झाला आणि स्पीड थेट ७०-८०. तेव्हा घेणार असाल तर पोराला चहा पाजा, पण गच्चीवर चढवल्याशिवाय जाऊ देऊ नका. मे महिन्यात डबा तापून बंद पडायला लागला, तर तात्यांनी मायेने वरून पत्राच टाकला, सावली झाली अन् सिग्नलच गायब! आता गोणपाट बांधलंय, चालतंय.

खरी रड रात्री ८ ते ११ ची. ७-८ वर येतो स्पीड, मॅच बघताना ओव्हर संपते तरी गोल फिरतंच असतं. कस्टमर केअरला चारदा फोन, दरवेळी "राउटर बंद करून चालू करा".

भाचा शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याचा प्रोजेक्टच नोमावर (एकाच जागेत एकदम अनेकांचा डेटा पाठवायची पद्धत), त्याने जरा उलगडून सांगितलं. ५जी च्या १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २७३ ब्लॉक, म्हणजे वाटणीचे तुकडे असतात, ते टॉवर अर्ध्या अर्ध्या मिलिसेकंदाला लोकांत वाटतो, एकाचा ब्लॉक तो दुसऱ्याचा नाही. जवळच्या घराला सिग्नल दणदणीत असला की एका झटक्यात ८ बिट जातात, लांबच्याला मंद सिग्नलवर २ च, म्हणजे तेवढ्याच डेटाला आम्ही निदान चौपट जागा खातो. रात्री सगळं गाव मोबाईलवर, मग आमच्यासारख्यांचं काय होणार.

नोमात म्हणे एकच ब्लॉक दोघांना देतात, फक्त ताकद वेगळी. समजा मालकाने बांधावरून लांबच्या विहिरीवरल्या सालदाराला जोरात हाक मारली आणि त्याच क्षणी शेजारच्याला हळू आवाजात काही सांगितलं. लांबच्याला नुसती हाक ऐकू जाते, शेजारचा आधी ती हाक ओळखून डोक्यातून वजा करतो, मागे उरतं ते त्याचं. लांबचा मी, म्हणजे जास्त ताकद मला! ऐकून मी खूश, म्हटलं कधी येतंय मग. तर ३जीपीपीवाल्यांनी, जे मोबाईलचे नियम ठरवतात, २०१८ मध्ये ५जी साठी यावर अभ्यास केला आणि बाजूला ठेवलं, कारण बऱ्याच अँटेना लावून एकाच वेळी अनेकांना डेटा द्यायची सोय आधीच होती, त्यावर ठळक फायदा दिसेना. शिवाय ती वजाबाकी करायला मोबाईलला जास्त डोकं लागतं आणि आधीचं ओळखण्यात चूक झाली की पुढचंही बिघडतं. आता ६जी च्या निमित्ताने परत चर्चा आहे. भाचा अजून आशेवर, त्याचे मार्क त्यावर आहेत ना.

सकाळी पोरांचे क्लास, सातबारा काढणं, बाजारभाव बघणं, यात मात्र एकदाही दगा नाही, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतं. पाचपैकी तीन स्टार, टॉवरजवळ राहत असाल तर चार समजा.

रिचार्ज संपायला ९ दिवस आहेत आणि फायबरवाल्यांनी चौकापर्यंत चारी खोदलीये. तात्या रोज संध्याकाळी जाऊन बघून येतात किती पुढे सरकली ते.