मुलाचा इसब: पथ्य, पाला, खोबरेल की व्हॅसलीन?

कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मनगटावर खाजरे चट्टे. येतात, जातात, पुन्हा येतात. डॉक्टरांनी ‘इसब’ असं नाव घेतलं की घरात पहिला हात ताटाला लागतो. अंडं बंद, दूध बंद, वांगं बंद, आंबट बंद. अंगाला मात्र जे हाताशी असेल ते. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. मेहनत आणि पैसा कातडीवर घाला, ताटाला हात शेवटी लावा.

कारण साधं आहे. इसबाची कातडी म्हणजे कौलं सरकलेलं छप्पर. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, म्हणून कातडी मुळात कोरडी. कोरडी म्हणून खाजते, खाजवली की आणखी फाटते. कुठलाही उपाय निवडताना प्रश्न एकच विचारायचा: यानं छप्पर शाकारलं जातं की आणखी उसकटतं?

व्हॅसलीन की खोबरेल

ओलावा कोंडून धरण्यात पांढऱ्या पेट्रोलियम जेलीची, म्हणजे आपल्या व्हॅसलीनची, बरोबरी कुठलंच तेल करत नाही. साध्या, बिनवासाच्या डबीत प्रिझर्वेटिव्ह नसतं, चिरांवर ती झोंबत नाही, तिची ॲलर्जी फारच क्वचित होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत पहिली पसंती हीच. एप्रिल-मेमध्ये मुंबईत किंवा कोकणात तीच अंगभर थापली तर घाम कोंडतो, घामोळं येतं, केसांच्या मुळाशी पुळ्या उठतात. तेव्हा ती फक्त चट्ट्यांवर ठेवा आणि बाकी अंगाला हलकं, बिनवासाचं क्रीम किंवा खोबरेल लावा.

खोबरेलाच्या बाजूनं खरा पुरावा आहे, नुसती आजीची खात्री नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपाइन्समधल्या चाचणीत सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे तेल लावलं. खोबरेलाच्या गटात आजाराची तीव्रता सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली, मिनरल ऑइलच्या, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलाच्या, गटात ३८ टक्क्यांनी. मात्र ते व्हर्जिन खोबरेल होतं. ते ताज्या ओल्या नारळापासून काढतात, सुक्या खोबऱ्यापासून नव्हे. कापूर, मेंदी किंवा सुगंध घातलेलं केसांचं तेल या हिशोबात धरू नका.

मोहरीचं तेल झोंबतं, ते इसबावर नकोच. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असा समज आहे, पण त्यातलं ओलेइक आम्ल कातडीच्या वरच्या थरातली स्निग्ध वीण सैल करतं. तान्ह्या बाळाच्या मालिशीलाही आम्ही ते सुचवणार नाही.

शतधौत घृताबद्दल बरेच जण विचारतात. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, गार पाणी घालून तळव्यानं फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा रंग आणि वास जाऊन पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मलम उरतं. लावल्यावर थंड वाटतं, कोरड्या चट्ट्यांना बरं वाटतं. दोष असा की त्यात पाणी अडकून राहतं आणि टिकवणारं काही नसतं, म्हणून घरी केलेलं लवकर बिघडतं. लस गळणाऱ्या जागेवर लावू नका. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तर अजिबात नको, कारण तुपात दुधाची प्रथिनं अंशानं उरतात.

तेल-मलमाचा प्रकार ठरवण्यापेक्षा मोठी चूक प्रमाणात होते. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर उपाय फसलेला नाही, तो पुरेसा झालेलाच नाही. डबीत बोटं घालू नका, जंतू जातात. कोरड्या, स्वच्छ चमच्यानं काढून घ्या. केसांच्या दिशेनं, वरून खाली, हलक्या हातानं पसरा, चोळू नका. आणि एक सावधगिरी: कपड्यात मुरलेलं मलम किंवा तेल धुण्यानं पुरतं निघत नाही, असा कपडा पेटला की भराभर जळतो. अशा मुलाला निरांजन, पणती, फुलबाजी यांच्यापासून लांब ठेवा.

आंघोळ: पाला, पीठ की साबण

कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि कातडी दमट असतानाच तीन-चार मिनिटांत मलम. कढत पाण्यानं खाज क्षणभर शमते, पण नंतर दुपटीनं उठते. साध्या वडीचा साबण अल्कधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी. म्हणून बिनवासाचा, साबणविरहित क्लेन्झर बरा, तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता.

कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी अनेक घरांत चालतं. इसब त्यानं सुधारतो असा भक्कम पुरावा नाही आणि दाट काढा फाटलेल्या कातडीला झोंबतो. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात तर कधीही जाऊ देऊ नका, त्यानं मेंदूवर परिणाम होऊन मुलं गंभीर झाली आहेत. पाण्यात ओतायची महागडी बाथ ऑइलंही सोडून द्या: २०१८ साली ब्रिटनमध्ये ४८२ मुलांवर केलेल्या चाचणीत नेहमीच्या मलमाच्या जोडीला त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही.

डाळीचं पीठ, साय, दूध, बदामाची पेस्ट याबद्दल मात्र आम्ही आग्रहानं सांगतो: फाटलेल्या कातडीवर अन्न लावू नका. अन्नाची प्रथिनं पोटातून गेली तर शरीर बहुधा ती आपली मानतं. तीच फाटलेल्या कातडीतून गेली तर परकी ठरण्याचा धोका असतो. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांवर लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, पोळी-पाव खाऊन त्रास होऊ लागला. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून तेलाची गोष्ट वेगळी. हळदही नको: काहींना तिची ॲलर्जी असते आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की उतरतेय हे दिसत नाही. लिंबू, व्हिनेगर, लसूण यांनी कातडी भाजते.

पथ्य: करायचं तर कसं

मध्यम ते तीव्र इसब असलेल्या लहान मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना अन्नाची ॲलर्जी असते. मोठ्यांत ती बरीच कमी. म्हणजे बहुतेकांचं दूध-अंडं फुकट बंद होतं, आणि वाढ खुंटते ती वेगळीच. टोमॅटोचं सार, चिंच, कैरी खाल्ल्यावर तोंडाभोवती लाल होतं ते बहुधा रस लागून. जेवणाआधी तोंडाभोवती व्हॅसलीनचा हात फिरवा, अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

तरी संशय असेल तर आधी दोन-तीन आठवडे मलम-आंघोळ नीट चालवा. मग डॉक्टरांना विचारून एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करा, रोज खाज आणि झोप वहीत लिहा. मग तो पदार्थ पुन्हा सुरू करा. बंद केल्यावर इसब उतरला आणि सुरू केल्यावर चढला, तरच तो पदार्थ दोषी. एकदम पाच पदार्थ तोडले तर काहीच कळत नाही. खाल्ल्यापासून दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी किंवा घरघर झाली असेल तर ही चाचणी घरी करायचीच नाही. उगाच महिनोन्‌महिने तोडलेला पदार्थ परत देताना अशीच तीव्र ॲलर्जी उसळू शकते, हाही पथ्याचाच धोका. पन्नास पदार्थांची ॲलर्जी एकदम तपासणाऱ्या रक्तचाचणीवरून ताट ठरवू नका: अहवालात पॉझिटिव्ह आलेले कितीतरी पदार्थ मूल सुखानं खात असतं.

माशाचं तेल, इव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांचं तेल, प्रोबायोटिक यांवर खर्च करावा असं काही हाती लागलेलं नाही.

स्टिरॉइड मलम आणि घरचा उपाय

हे ‘किंवा’ नव्हे. चट्टा लाल, जाड, खाजरा असताना डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड सांगितलेले दिवस लावायचं. ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ओढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी चिमूटभर लावलं की आठवड्याचं काम महिनाभर लांबतं. चट्टा गोल, कड उठावदार आणि मध्ये साफ असेल तर तो गजकर्ण असू शकतो. त्यावर दुकानातून आणलेलं स्टिरॉइड-मिश्रित मलम लावलं की खाज थांबते आणि बुरशी पसरत जाते, म्हणून आधी दाखवून घ्या. ‘आठ दिवसांत मुळापासून’ म्हणून विकलेल्या बिनलेबलच्या डबीतही बहुधा स्टिरॉइडच निघतं.

मधासारखी पिवळी खपली, पू, किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एकसारख्या आकाराचे बारीक, दुखरे फोड झपाट्यानं पसरत असतील, विशेषतः डोळ्यांजवळ, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा: तो नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याला लगेच विषाणूविरोधी औषध लागतं.