पंधरा वर्षांचा डीव्हीडी रायटर, विंडोज ११ आणि वीस रुपयांचा पट्टा

विंडोज ११ वर जुना डीव्हीडी रायटर चालतच नाही, असे ज्याने मला ठामपणे सांगितले, त्याने त्या सांगण्याचे चारशे रुपये घेतले. हा मजकूर मी मुख्यतः त्या चारशे रुपयांसाठी लिहीत आहे.

ड्राइव्ह २०१० साली अकराशे रुपयांना घेतलेला, साटा (डब्याच्या आतल्या केबलची एक पद्धत) जोडणीचा, संगणकाच्या डब्यात बसणारा नेहमीचा रायटर आहे. २०१८ मध्ये संगणक बदलला, तेव्हा चालू वस्तू टाकायची कशाला म्हणून तो नव्या डब्यात हलवला. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे ठाऊक असल्याने फेब्रुवारीतच मी विंडोज ११ घेतले, तेही जुनी सॉफ्टवेअरे न पुसता, आहे त्यावरच. घरात १६३ डिस्का होत्या: ११२ सीडी आणि ५१ डीव्हीडी. त्यांत २००३ पासूनची छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने आणि वडिलांच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे आहेत. वर्षभरात हे सगळे एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवायचे ठरवले होते आणि नेमका पहिल्याच दिवशी 'धिस पीसी'मधून ड्राइव्ह नाहीसा झाला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या यंत्रांच्या यादीत, त्याचे नाव दिसत होते, मात्र त्यावर पिवळा त्रिकोण होता आणि आत 'कोड १९' असा शेरा होता. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतील, माहिती अपुरी किंवा बिघडलेली आहे, असा त्याचा अर्थ. ड्राइव्ह तिथून काढून संगणक पुन्हा सुरू केला, तर तो त्रिकोणासह परत आला. साटा केबल बदलली, तरी फरक नाही. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमने चालू वस्तू मोडीत काढली, असे माझे त्या दिवशीचे पक्के मत होते आणि तसे मी घरात बऱ्याच मोठ्या आवाजात बोलूनही दाखवले.

मग दुरुस्तीच्या दुकानातून तंत्रज्ञ आला. त्याने डबा उघडला नाही की बायोसही (विंडोजच्या आधी सुरू होणारी संगणकाची मूळ व्यवस्था) पाहिला नाही. "काका, अकरावर हे चालत नाही, बाहेरचा यूएसबीवाला घ्या, अठराशेला देतो," असे म्हणून त्याने स्वतःच्या पिशवीतला नवाकोरा यूएसबी ड्राइव्ह जोडून दाखवला, आणि त्या नव्या ड्राइव्हवरही तोच पिवळा त्रिकोण आणि तोच कोड १९ उमटला. यावर त्याने माझे यूएसबी पोर्ट खराब ठरवले, त्याच पोर्टला पेनड्राइव्ह व्यवस्थित चालत असताना. पावतीवर 'रायटर निकामी' असे लिहून आणि भेटीचे चारशे घेऊन तो गेला.

खरे तर त्या यूएसबी ड्राइव्हनेच उत्तर दिले होते. एक जुना आणि एक नवा, एक साटावर आणि एक यूएसबीवर, असे दोन ड्राइव्ह एकाच कारणाने अडत असतील, तर दोष दोघांच्या वरच्या कुठल्यातरी पायरीवर असला पाहिजे, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले. दुसऱ्या दिवशी उबंटू ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम घातलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, तर माझा 'निकामी' रायटर लगेच डिस्क वाचू लागला. म्हणजे यंत्र, केबल आणि वीज हे तिन्ही ठीक होते.

डिस्कवर लिहिणारी जुनी सॉफ्टवेअरे विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये स्वतःचा एक छोटा ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा प्रोग्राम) बसवत असत, आणि त्याचे नाव रजिस्ट्रीत 'अप्परफिल्टर्स' किंवा 'लोअरफिल्टर्स' या नोंदींत लिहीत असत. ही नावे एखाद्या ड्राइव्हपुरती नसतात. सीडी-डीव्हीडीच्या अख्ख्या वर्गाला ती लागू होतात. रायटरबरोबर २०१० मध्ये फुकट मिळालेले असे एक सॉफ्टवेअर मी २०१८ मध्ये हौसेने पुन्हा टाकले होते आणि पुढे विसरून गेलो होतो. अपग्रेडमध्ये त्याचा ड्रायव्हर गेला, नाव मात्र हजेरीपटावर तसेच राहिले. आता कोणताही ड्राइव्ह जोडला की विंडोज आधी त्या गैरहजर माणसाला हाक मारणार, आणि ओ आली नाही की तिथेच थांबणार.

रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या क्रमाने आत गेल्यावर '४डी३६ई९६५'ने सुरू होणारे फोल्डर सापडते. उजवीकडे 'क्लास' या नोंदीसमोर 'सीडीरॉम' असे लिहिलेले आहे ना, हे आधी तपासावे, कारण तिथेच जवळ असलेले '४डी३६ई९६७' हे हार्ड डिस्कचे आहे, आणि त्यातील अप्परफिल्टर्स उडवले तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येते. सीडीरॉमचे संपूर्ण फोल्डर एक्स्पोर्ट करून, म्हणजे त्याची प्रत काढून ठेवले, त्यातील अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन्ही नोंदी काढल्या, संगणक पुन्हा सुरू केला आणि ड्राइव्ह मुकाट्याने जागेवर आला. या कामाला सहा मिनिटे लागली. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल घरात जे बोललो होतो, ते मागे घ्यावे लागले. चूक मी स्वतः टाकलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरची होती. सिनेमाच्या डीव्हीडी विंडोजमध्ये आपोआप चालत नाहीत ही तक्रारही फारशी खरी नाही. विंडोज ८ पासूनच ती सोय मूळ संचात नाही आणि व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की प्रश्न मिटतो.

यानंतर चार महिने काम सुरळीत चालले आणि जूनमध्ये ट्रे उघडेनासा झाला. त्याच आठवड्यात विंडोजचे एक अद्यतन आले होते, त्यामुळे सवयीने मी पुन्हा तिकडेच बोट दाखवले. मात्र संगणक बायोसच्या पडद्यावर थांबवून, म्हणजे विंडोज सुरूच न करता, बटण दाबले तरी तेच घडत होते: आतून घुर्र असा आवाज येई, ट्रे जागचा हलल्यासारखा वाटे आणि पुन्हा बसे. गंमत अशी की आत डिस्क असली तर तो दुसऱ्या प्रयत्नात उघडे, रिकामा असला तर मुळीच नाही. कुटुंबीयांना यात काहीही विशेष वाटले नाही, मी मात्र दोन दिवस त्याच विचारात होतो.

कारण साधे निघाले. डिस्क घट्ट धरण्यासाठी वरच्या चकतीत लोहचुंबक असते. मध्ये डिस्क नसेल तर ती चकती खालच्या फिरत्या भागाला अधिक जवळून चिकटते, आणि ती सोडवायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो. हा जोर मोटरपासून ट्रेच्या दातेरी चाकापर्यंत एका बांगडीसारख्या बारीक रबरी पट्ट्यातून जातो, आणि पंधरा वर्षांत तो पट्टा ढिला आणि गुळगुळीत होऊन घसरत होता. वीज बंद करून, जेम क्लिपची सरळ केलेली तार पुढच्या छोट्या भोकात घालून मी ट्रे हाताने बाहेर काढला, चार स्क्रू सोडवले आणि पट्टा उकळून उतरवलेल्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला. रबर थोडे आकसते आणि पकड परत येते, पण माझ्याकडे ती जेमतेम तीन आठवडे टिकली. स्वयंपाकघरातले रबरबँड लावून पाहिले. ते पट्टा म्हणून अगदीच कुचकामी असते, ताणले जाते आणि ट्रे अर्ध्यावर थांबतो.

शेवटी जुना पट्टा कागदात गुंडाळून तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. टेपरेकॉर्डरचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका दुकानात व्यासाप्रमाणे पट्ट्यांच्या पुड्या बांधलेल्या होत्या. दुकानदाराने नमुना बोटावर फिरवून पाहिला आणि त्याहून किंचित लहान पट्टा वीस रुपयांना दिला, कारण जुना वापराने सैल झालेला असतो, त्याच मापाचा घेऊ नये. त्यानंतर ट्रे एकदाही अडलेला नाही. तरी खबरदारी म्हणून एक खराब डिस्क मी आत कायम ठेवतो. बायकोचे म्हणणे आहे की इतका वेळ मी कोणत्याही नातेवाइकाला दिलेला नाही.

सप्टेंबरपासून मात्र ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो आणि सीडी वाचत नाही. या वेळी विंडोजला दोष न देता आधी उबंटूत पाहिले, तिथेही तेच. दुकानातून आणलेली छापील गाण्यांची सीडीही वाचली जात नाही, तेव्हा दोष माझ्या डिस्कांचा नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल असे दोन वेगळे लेसर असतात, त्यांतला पहिला थकलेला दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंग पुसूनही उपयोग झाला नाही. सीडी आधी उरकायला हव्या होत्या, ही चूक सर्वस्वी माझी. शिवाय सीडीचा चमकता थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखालीच असतो आणि वडिलांनी भजनांची नावे बॉलपेनने दाबून लिहिली आहेत, त्यामुळे त्यांतल्या काही सीडी चांगल्या ड्राइव्हवरही अडतील असे वाटते.

आजपर्यंत ४८ डीव्हीडी आणि ७४ सीडी उतरल्या. तीन डीव्हीडींवर बुरशी आहे, त्या सोडून दिल्या. चारशे रुपये परत मागायला दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथला दुकानदार म्हणाला, "चालू झाला ना? मग काय तक्रार?" राहिलेल्या ३८ सीडींसाठी भाच्याने त्याच्या माळ्यावरचा एक ड्राइव्ह आणून दिला आहे, तो निघाला आयडीई, म्हणजे साटाच्या आधीच्या जोडणीचा, ४० पिनांचा, माझ्या मदरबोर्डवर तसे सॉकेटच नाही. त्यासाठी यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो का, हे शनिवारी तापकीर गल्लीत पाहणार आहे.