मराठी यादी साफ करताय? रेजेक्समध्ये नको ती चिन्हं उडवायची की हवी तीच ठेवायची

नागपुरातल्या दुकानांच्या ग्राहकांच्या याद्या साफ करायचं काम करतो मी, आणि नवीन पोरं हेच विचारून राहिलेत की भाऊ, दोन्हीतलं कोणतं घेऊ. रेजेक्स म्हणजे चिन्हांचा नमुना लिहून मजकुरात शोधायची पद्धत.

पहिलं, म्हणजे नको ती चिन्हं उडवणं, सोपं आहे. [@#$*~] एवढं लिहा, रिप्लेस करा, पाच मिनिटांत काम झालं आणि मराठीला धक्का नाही. पण जे लिहायचं राहिलं ते तसंच राहतं, वर्डमधून आलेले वाकडे अवतरण, न दिसणारी झीरो विड्थ स्पेस, मग दोन ओळीत 'धरमपेठ' डोळ्याला सारखंच दिसते पण जुळत नाही आणि एकच गिऱ्हाईक दोनदा मोजलं जाते.

दुसऱ्यात, म्हणजे हवी तीच ठेवण्यात, कचरा पक्का जातो पण मराठीचा जीवही तिथंच जातो, म्हणून इथं नीट वाचा. पायथनमधलं नेहमीचं रेजेक्स मॉड्यूल बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये (\w, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर') अक्षरं धरते, काना-मात्रा-अनुस्वार-हलंत धरत नाही. 'नागपूर'चं 'नगपर' होते, 'धंतोली'चं 'धतल'. जावास्क्रिप्टमध्ये तर तोच बॅकस्लॅश डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो, म्हणजे मराठी अख्खीच साफ. [^अ-ह] (^ म्हणजे हे सोडून बाकी सगळं) लिहिलं तरी तीच गत, कारण मात्रा 'ह'च्या पुढं आहेत. युनिकोडचा (कॉम्प्युटरची अक्षरांना नंबर देणारी यादी) पूर्ण देवनागरी ब्लॉक घ्यावा लागतो, 0900 ते 097एफ, 128 जागा. त्यात ०-९ येतात, 0-9 येत नाहीत, ते वेगळे टाका. आणि जुन्या टायपिंगमधला 'व्यापार्‍यांचा' यातला जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) गेला की 'व्यापार्यांचा' होतो, तो जॉइनर ब्लॉकच्या बाहेर आहे, तोही यादीत घ्या.

मी म्हणतो, कॉलम पाहून ठरवा. नाव, पत्ता असला तर हवी तीच ठेवा, पण पत्त्यात स्लॅश आणि डॅश सोडा, नाहीतर प्लॉट नं. 12/3 चा 123 किंवा 12 3 होतो आन् डिलिव्हरीवाला महाल भागात फिरत बसतो. डॅश चौकोनी कंसात शेवटी लिहा, मधे लिहिला की तो रेंज समजतो. अभिप्राय, शेरा असलं मोकळं लिखाण असलं तर पहिली पद्धत, तिथं ₹ आणि % कामाचे असतात.

उडवलेल्या चिन्हाच्या जागी रिकामं नका ठेवू, स्पेस टाका, नाहीतर 'इतवारी;नागपूर' चिकटते. फक्त न दिसणाऱ्या झीरो विड्थ स्पेसच्या जागी काहीच टाकू नका, ती शब्दाच्या मधातच बसलेली असते. आणि रिप्लेसच्या आधी नुसतं फाइंड चालवून काय काय उडणार ते एकदा पाहून घ्या, त्यात एक जरी मात्रा दिसली तर तिथंच थांबा.