शेल्टरमधून घाबरट इंडी (आपली देशी कुत्री) घरी आणताना: पुण्याजवळच्या एका शेल्टरचा रिव्ह्यू, ५ पैकी ४

आधीच सांगते, शेल्टरचं नाव देत नाहीये आणि ते मुद्दाम. पुण्याच्या बाहेर आहे, पत्र्याची मोठी शेड आहे, आणि नाव कुठे आलं की पुढच्याच आठवड्यात गेटपाशी पिल्लांचं खोकं सोडलेलं सापडतं, असं तिथल्या लोकांनी हात जोडून सांगितलंय. तुमच्या व्हेटला विचारा, ते सांगतील. पण रिव्ह्यू लिहायचाच होता, कारण अडॉप्शनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर 'प्रेम द्या, सगळं होतं' नाहीतर 'रस्त्यावरचं कुत्रं घरात टिकत नाही', आणि घाबरलेलं कुत्रं तपासतात कसं, कोणाच्या घरी द्यायचं ते ठरवतात कसं हे कोणी धड सांगतच नाही.

आमची कुत्री करंजी. तिच्याबरोबर शेल्टरला असलेल्या बॅचला सगळ्यांना फराळाची नावं होती, चिवडा, शंकरपाळी, अनारसा वगैरे. वय साधारण दीड वर्ष, दात बघून काढलेलं. ती एका बिल्डिंगच्या साइटवरची. पुण्यात हे नेहमीचंच आहे, काम चालू असतं तोवर वॉचमन आणि लेबर कॅम्पमधली माणसं भाकरतुकडा घालतात, रात्रीची राखण आपोआप होते, मग पझेशन सुरू झालं की कॅम्प उठतो आणि जिथे ते कुत्रं जन्मलं तिथेच नवीन राहायला आलेले लोक 'ही भटकी कुत्री आली कुठून' म्हणून तक्रारी करतात. हिला बाइकने उडवलं, मागचा पाय मोडला, म्हणून शेल्टरला आली. २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियमांप्रमाणे रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, पण हिला ओळखणारं, खायला घालणारं कोणी तिथे उरलंच नव्हतं आणि पाय थोडा लंगडाच राहणार होता, म्हणून तिच्यासाठी घर बघायचं ठरलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इथे कुत्रं आल्या आल्या त्याची टेस्टबिस्ट घेत नाहीत. पायाला प्लास्टर, चारी बाजूंनी भुंकणं, फिनेलचा वास, अशात कुठलंही कुत्रं जसं वागतं ते त्याचं नेहमीचं वागणं नसतं असं तिथल्या बिहेवियर बघणाऱ्या ताईंचं म्हणणं. परदेशातसुद्धा एकदाच घेतलेल्या टेस्टवर कुत्र्याचं भवितव्य ठरवू नये हे आता बऱ्याच ठिकाणी मानतात. त्यापेक्षा हे लोक प्रत्येक पिंजऱ्याच्या दाराला एक पुठ्ठा लटकवतात आणि त्यावर रोज थोडं थोडं लिहीत जातात. करंजीच्या पुठ्ठ्याचा मी फोटो काढून ठेवलाय. निळ्या पेनाने लिहिलंय: 'अनोळखी बाई, पाठमोरी बसलेली, ८ फुटांवर खाते. अनोळखी पुरुष, उभा, खात नाही, शू केली. छत्री, काही नाही. झाडू, कोपऱ्यात. हेल्मेट, कोपऱ्यात, शू, नंतर बराच वेळ खाल्लं नाही.'

यात खाण्यावर एवढा भर का ते ताईंनी समजावलं. कुत्रं खूप घाबरलेलं असलं की नाकासमोर उकडलेलं चिकन ठेवलं तरी तोंड लावत नाही. म्हणजे किती अंतरावरून ते खायला लागतं हेच भीतीचं माप. आठ फुटांचं सहा झालं, सहाचं चार झालं की सुधारणा आहे, आणि मधेच कोणीतरी उत्साहाने हात पुढे केला की परत आठ. मी विचारलं की हात लावून कधी बघता, तर म्हणाल्या ती जवळ येऊन हाताचा वास घेईल तेव्हा, आधी नाही. ताई पिंजऱ्यात जातात त्या कुत्र्याकडे तोंड न करता, त्याच्याकडे न बघता, खाली बसतात आणि मोबाइल बघत बसतात. मधून मधून एक तुकडा मागे भिरकावतात. बघायला अगदी बोअर आहे खरं, पण हाच तो जॉब.

दुसरी गोष्ट म्हणजे शांत बसलेल्या कुत्र्याबद्दलची. आमच्या आधी एक कुटुंब करंजीला बघून गेलं होतं आणि त्यांना ती फार आवडली होती कारण ती 'किती गुणी, हूं का चूं नाही'. ताईंनी त्यांना सरळ नकार दिला. आम्ही गेलो तेव्हा आम्हालाही तीच दाखवली आणि म्हणाल्या, नीट बघा. शेपटी पोटाखाली घट्ट, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, सारखी ओठ चाटतेय, झोप आलेली नसताना जांभया देतेय, आणि अंग दगडासारखं. ही शांत नाहीये, ही भीतीने थिजलीये. अशा कुत्र्याला घरातल्या पोरांनी मिठी मारली तर ते सहन करेल, करेल, आणि एक दिवस चावेल, मग सगळे म्हणणार अचानक चावलं. माझ्या मते नुसत्या या पाच मिनिटांसाठीसुद्धा तिथे जाऊन यावं, कुत्रं घ्यायचं असो वा नसो.

आणि तिथे भाकरी नावाची एक म्हातारी कुत्री आहे, शेल्टरचीच, ती म्हणजे मॅडम आहेत. नवीन घाबरलेल्या कुत्र्यांबरोबर तिला सोडतात. भाकरी माणसाकडे गेली, खाऊ घेतला, पोट वर करून लोळली, की बाकीची लांबून बघतात आणि हळूहळू पुढे सरकतात. करंजी पहिल्यांदा माणसाच्या हातून जे खायला शिकली ते भाकरीच्या मागे लपून. त्यामुळे पुठ्ठ्यावर खाली लाल अक्षरात शेरा होता: 'घरात आधीचं शांत कुत्रं असेल तर उत्तम.' आमच्याकडे दहा वर्षांचा गबाळा लॅब्राडोर आहे, म्हणून तर आमचा नंबर लागला.

हे लोक सगळ्यांनाच घर शोधत बसत नाहीत हेही मला पटलं. त्याच बॅचमधली शंकरपाळी, पूर्ण वाढलेली, जन्मभर रस्त्यावर राहिलेली, माणूस दिसला की भिंतीवर चढू बघायची, तिला नसबंदी आणि रेबीजची लस करून तिच्या गल्लीत परत सोडली, तिथे खायला घालणाऱ्या एक आजी आहेत. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं तेव्हा माणसांची सवय लागली तर लागली, तो काळ गेला की पुढे कष्ट फार आणि यश कमी. अशा कुत्रीला फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे तिच्यावर उपकार नव्हेत. आता सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या ऑर्डरी सगळ्यांना माहीत आहेत, ऑगस्टमध्ये आधी दिल्लीतली कुत्री उचला म्हणाले, मग ती नसबंदी करून परत सोडा अशी दुरुस्ती केली, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनातली मात्र तिथे परत सोडायची नाहीत असं सांगितलं. ती सगळी ठेवायची कुठे, आणि त्यातल्या घाबरलेल्यांपुढे असं तासन् तास पाठमोरं कोण बसणार, हा माझा प्रश्न आहे, उत्तर कोणाकडे असेल तर सांगा.

होम चेक. बापरे. दोन व्हॉलंटियर आल्या आणि त्यांनी घराचं दार किती वेळा आणि कोण उघडतं इथपासून सुरू केलं. सेफ्टी डोअर आहे का, कचरावाला, दूधवाला येतो तेव्हा कुत्रं कुठे असेल, गॅलरीला ग्रिल आहे का, लिफ्ट आहे का, जिना किती मजल्यांचा, फरशी गुळगुळीत आहे का. सासूबाई नंतर म्हणाल्या, आमच्या वेळी मुलगी बघायला आलेल्यांनी एवढं विचारलं नव्हतं. पण प्रश्न सगळे मुद्द्याचे होते, कारण साइटवर वाढलेल्या कुत्रीने फरशी, पंखा, लिफ्ट यातलं काहीच बघितलेलं नसतं आणि घाबरट कुत्रं पळून जातं ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, उघड्या दारातून नाहीतर गळ्यातला पट्टा मागे खेचून. म्हणून दोन लीश, एक गळ्यातल्या पट्ट्याला आणि एक हार्नेसला म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, ही त्यांची अटच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींचा मुद्दा आला तेव्हा व्हॉलंटियरने शांतपणे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं सर्क्युलर मोबाइलवर काढून दाखवलं, पाळीव कुत्र्यावर सोसायटी बंदी घालू शकत नाही. महापालिकेचं लायसन्स मात्र आपण काढायचं.

घरी पाठवताना तिची न धुतलेली चादर बरोबर दिली, वासासाठी. आणि सूचना अशा: आंघोळ नको, पाहुणे नकोत, स्टेटसला फोटो टाकून 'वेलकम होम' नको, एक कोपरा तिचा आणि तिथे कोणी जायचं नाही. तिने ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागची जागा निवडली. ताईंनी व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला सांगितलं की तुम्ही तिच्याकडे बघूच नका, मॅच बघा. मग तो रोज संध्याकाळी जमिनीवर बसून, टीव्हीचा आवाज बारीक करून, खांद्यावरून मागे चिकनचे तुकडे टाकायचा आणि विकेट पडली तरी ओरडायचा नाही, हे त्याच्यासाठी फार मोठं आहे. एका संध्याकाळी तुकडा खाली पडायच्या आधीच गायब झाला, ती त्याच्या पाठीशी उभी होती. त्याने तरीही मागे वळून बघितलं नाही, नुसता मला डोळ्याने खुणावत बसला. करंजी लिफ्टमध्ये अजून जात नाही, आम्ही जिन्याने जातो. हेल्मेट आम्ही पार्किंगमध्येच ठेवतो. दिवाळीसाठी व्हेटने गोळ्या लिहून दिल्यात, आणि प्लीज कोणी आपल्या मनाने माणसांच्या गोळ्या देऊ नका.

आता तक्रारी, एक स्टार उगाच नाही कापलेला. फोन. फोन उचलतच नाहीत. व्हॉट्सॲपला उत्तर येतं ते रात्री एक वाजता, तेही 'नोटेड' एवढंच. भेटायची वेळ फक्त आठवड्यातल्या दुपारच्या, म्हणजे नोकरी करणाऱ्याने रजा टाकायची. लसीच्या कार्डावर नाईन इन वनचा (बऱ्याच रोगांवरच्या एकत्र लसीचा) स्टिकर होता पण अँटी रेबीजची तारीख कोणीतरी नुसतीच लिहिलेली, सही नाही, स्टिकर नाही, त्यामुळे आमच्या व्हेटने रेबीजची लस पुन्हा टोचली. कुत्र्याच्या भीतीचा इतका बारीक हिशोब ठेवणाऱ्यांना एक स्टिकर चिकटवता येऊ नये? आणि शेडचा पत्रा दुपारी इतका तापतो की वर ओली गोणपाटं टाकूनही आत उभं राहवत नाही, हा पैशाचा प्रश्न आहे हे कळतं, तरी सांगते.

पैसे घेतले नाहीत, देणगी ऐच्छिक. नसबंदी त्यांनीच केलेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. टिक फिव्हरसाठी (गोचिडांमुळे होणारा ताप) रक्त तपासून रिपोर्ट हातात दिला. मुख्य म्हणजे घरी आल्यावर जे जे झालं त्यातलं जवळपास सगळं त्या पुठ्ठ्यावर आधीच लिहिलेलं होतं, गोड बोलून काही गळ्यात मारलं नाही.

लहान मुलं असतील किंवा आठवड्याभरात मांडीवर बसणारं कुत्रं हवं असेल तर इथे जाऊ नका, गेलात तरी ते तुम्हाला घाबरट कुत्रं देणारच नाहीत. बाकीच्यांनी फोनच्या नादी न लागता सरळ दुपारी तीनच्या सुमाराला जावं, जाताना जुन्या चादरी आणि रद्दी न्यावी, त्यांना ती कायम लागते. आणि टू व्हीलरवर गेलात तर हेल्मेट गेटबाहेरच काढा.